लिनक्सवर यूएसबी माऊस सारखा सारखा बंद पडतोय? नवीन घ्यायच्या आधी कर्नलचा लॉग बघा

सोलापुरात पूर्व भागातले गारमेंटवाले, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरवाले, नवी पेठेतली हिशेबाची ऑफिसं, जिथं जिथं मी लिनक्स मिंट नाहीतर उबंटू टाकून दिलंय तिथनं सगळ्यात जास्त येणारा फोन एकच, "भाऊ, माऊस हलंना की ओ." मग ते वायर काढून परत घालतात, चालू होतो, दुपारी परत तेच, आणि संध्याकाळपर्यंत नवीन माऊस विकत आणलेला असतो. चार दिवस बरं जातं आणि नवीन पण तसाच मरतो. मग शिव्या लिनक्सला पडतात. मला हे मनापासून लागतं, कारण अशा ऑफिसांच्या ड्रॉवरमधे पडलेले बरेचसे "मेलेले" माऊस दुसऱ्या मशीनला लावले की धडधाकट चालतात. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय, एकदाच बिघडला आणि परत नाही बिघडला अशासाठी नाही, तर सारखं सारखं होणाऱ्या त्रासासाठी.

मुद्दा एकच आहे. माऊस ज्या क्षणी थांबतो त्या क्षणी कर्नल (लिनक्सचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा) त्याच्या लॉगमधे, म्हणजे नोंदवहीत, काही बोलतं का गप्प बसतं, हे बघा. बोललं तर गडबड वायर, पोर्ट, करंट असल्या बाजूला आहे. गप्प राहिलं तर माऊस जागेवर आहे पण झोपलाय, किंवा कर्नलच्या वरच्या मजल्यावर, म्हणजे डेस्कटॉपमधे कुठंतरी अडकलंय. एवढं कळलं की अर्धं काम झालं, बाकीचं अर्धं खाली आहे.

कमांड मी इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमधे (कमांड टाइप करायच्या खिडकीत) त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टाकायच्या, आकडे पण इंग्रजीच.

आधी माऊसशिवाय मशीन चालवता आलं पाहिजे, नाहीतर घाबरून माणूस पॉवरचं बटन दाबून धरतो आणि लॉग काय तो बघायचा राहूनच जातो, बिलाची फाइल उघडी असली तर ती पण जाते. कंट्रोल-ऑल्ट-टी दाबलं की मिंट आणि उबंटूवर टर्मिनल उघडतं. स्क्रीनच अडकल्यासारखी वाटली तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, काळ्या स्क्रीनवर लॉगिन येईल, तिथनं सगळं करता येतं. परत यायला एफ१, एफ२ किंवा एफ७, डिस्ट्रोप्रमाणे (मिंट, उबंटू असे लिनक्सचे प्रकार) वेगळं असतं, तिन्ही दाबून बघा.

आता टर्मिनलमधे 'सुडो जर्नलसीटीएल -केएफ' चालू करून ती खिडकी उघडी ठेवा. हा कर्नलचा लॉग आहे, घड्याळाच्या वेळेसकट, आणि नवीन ओळ आली की लगेच खाली दिसते. पॉवरचं बटन दाबून मशीन आधीच रीस्टार्ट करून बसला असाल तर 'जर्नलसीटीएल -के -बी -१' टाका, मागच्या वेळच्या बूटचा लॉग मिळतो, फक्त जर्नल, म्हणजे हाच लॉग, डिस्कवर साठत असायला पाहिजे, उबंटूवर आणि मिंटवर सहसा साठतो.

माऊस काढून परत घाला आणि ओळी वाचा. सगळं ठीक असेल तर पहिली ओळ "न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस" अशी येते. लो-स्पीड वाचून काळजी करू नका, माऊसला १.५ मेगाबिट भरपूर होतात, साधे वायरवाले माऊस बहुतेक त्याच स्पीडचे असतात. मग व्हेंडर आणि प्रॉडक्ट असे चार-चार अक्षरी दोन आकडे येतात, ते वहीत लिहून ठेवा, पुढं लागतात. मग इनपुट म्हणून माऊसचं नाव आणि शेवटी एचआयडी-जेनेरिक (माऊस-कीबोर्डचा सर्वसाधारण ड्रायव्हर). एवढं आलं म्हणजे कर्नलने माऊस ओळखला आणि हाताशी घेतला.

माऊस घातल्यावर एक ओळसुद्धा आली नाही तर? खालचा लाल दिवा बघा. दिवा नाही आणि लॉग पण नाही, तर करंटच पोचत नाही, पोर्ट बदला. दिवा आहे पण लॉग नाही, हे लोकांना फसवतं, "लाइट लागते म्हणजे माऊस चांगला आहे" असं म्हणतात. वायरीत चार तारा असतात, लाल आणि काळी करंटची, हिरवी आणि पांढरी डेटाची. दिव्याला पहिल्या दोन पुरतात. डेटाची तार तुटली की दिवा जळत राहतो आणि माऊस मुका होतो. तुटते ती जवळजवळ कायम माऊसच्या तोंडाशी, जिथं वायर आत शिरते तिथं, नाहीतर प्लगच्या मानेशी. तिथं हळू वाकवून बघा, लॉगमधे ओळी नाचायला लागल्या तर हा माऊस खरंच गेलेला आहे, नवीन घ्या.

आता लॉग गप्प असतो तो प्रकार घेऊ, कारण लॅपटॉपवाल्यांना हा फार छळतो.

खूण अशी की माऊस वापरत असाल तोवर मस्त चालतो, हात काढून कागद वाचायला घेतला, परत हात ठेवला की पॉइंटर हलत नाही, पण बटन दाबलं की एकदम जागा होतो. हे दिसलं की दुसरं काही शोधत बसू नका, हे ऑटोसस्पेंड आहे. बॅटरी वाचवायला कर्नल यूएसबी डिव्हाइस झोपवतं, न वापरल्यास डीफॉल्ट वेळ २ सेकंदांची आहे. झोपलेल्या माऊसचा सेन्सर बंद असतो, म्हणून नुसता हलवून त्याला कळत नाही, बटन दाबलं तरच उठतो. लॉगमधे याची एक ओळ पण येत नाही. कर्नल स्वतःहून सहसा माऊसला हात लावत नाही, कोणीतरी ते चालू केलेलं असतं, आणि ते कोणीतरी बहुतेक वेळा पॉवरटॉप (बॅटरी वाचवायचा प्रोग्राम) असतो. बॅटरी टिकत नाही म्हणून कुणीतरी पॉवरटॉप टाकतं, त्यातलं ऑटो-ट्यून सर्व्हिस म्हणून लावून टाकतं, आणि ते सरसकट सगळ्यांना झोपवतं, माऊस असो की पेनड्राइव्ह. टीएलपीवर (हा पण बॅटरी वाचवणाराच प्रोग्राम) मात्र उगाच संशय घेऊ नका, ते माऊस-कीबोर्ड मुद्दाम वगळतं.

खात्री करायची तर /सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस या फोल्डरमधे तुमच्या माऊसच्या नावाचं फोल्डर असतं, १-२ नाहीतर १-४ असं, लॉगमधे "यूएसबी १-२" लिहून येतं तोच आकडा. त्याच्या आत पॉवर, आणि त्यात कंट्रोल नावाची फाइल. 'कॅट' करून बघा. "ऑटो" आलं तर झोप चालू आहे, "ऑन" असेल तर माऊस कायम जागा. 'इको ऑन' करून 'सुडो टी' ने त्या फाइलमधे "ऑन" लिहा आणि लगेच फरक बघा. फरक पडला की निदान पक्कं. पण हे रीस्टार्टनंतर जातं. कायमचं करायला यूडेव्हचा (डिव्हाइस लावल्यावर आपोआप चालणारा) नियम लिहा, त्या माऊसचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट आकडा देऊन पॉवर-कंट्रोल "ऑन", आणि पॉवरटॉपची ऑटो-ट्यून सर्व्हिस बंद करा. दुसरं विसरू नका, कारण तुमचा नियम माऊस घातल्यावर चालतो आणि पॉवरटॉप बूटच्या शेवटी येऊन परत "ऑटो" करून जातो, मग माणूस म्हणतो नियम चालतच नाही. काहीजण कर्नलच्या बूट ओळीत यूएसबीकोअर डॉट ऑटोसस्पेंड बरोबर उणे एक टाकून सगळ्यांचीच झोप बंद करतात. डेस्कटॉपवर मला ते चालतं, लॅपटॉपवर मी टाकत नाही, एका माऊसपायी वेबकॅम आणि ब्लूटूथची पण झोप कशाला घालवायची.

लॉग गप्प आहे आणि बटन दाबूनही काही होत नाही? मग 'एलएसयूएसबी -टी' टाका. झाडासारखी यादी येते आणि प्रत्येक डिव्हाइससमोर ड्रायव्हर लिहिलेला असतो. माऊससमोर यूएसबीएचआयडी पाहिजे. तिथं यूएसबीएफएस दिसलं तर दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रामने माऊस ताब्यात घेतलाय. आपल्याकडं हे हिशेबाच्या ऑफिसात हमखास, लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रोग्राम), त्यात विंडोज आणि त्यात टॅली. व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी फिल्टरमधे कुणीतरी रिकामा फिल्टर टाकून ठेवतं, डोंगल नाहीतर पेनड्राइव्ह आत दिसावा म्हणून. रिकामा फिल्टर म्हणजे जे काही लावाल ते सगळं आत. मग माऊसची वायर जरा निघून परत बसली की माऊस थेट विंडोजच्या आत जातो आणि बाहेर पॉइंटर गार. रिकामा फिल्टर काढा, ज्याची खरंच गरज आहे तेवढ्याच डिव्हाइसचा आकडा टाकून नवीन करा.

ड्रायव्हर बरोबर असेल तर 'सुडो कॅट /डेव्ह/इनपुट/माइस' चालवून माऊस हलवा. स्क्रीनवर अगम्य अक्षरांचा पाऊस पडला तर माऊस, वायर, पोर्ट, कर्नल सगळं ठणठणीत आहे आणि दोष वर डेस्कटॉपमधे आहे. कंट्रोल-सीने बाहेर या, अक्षरं बिघडली तर 'रीसेट' टाका. लॅपटॉपवर टचपॅडला बोट लावू नका, त्याची अक्षरं पण इथंच येतात आणि चुकीचा निष्कर्ष निघतो, तिथं 'इव्हीटेस्ट' बरा, त्यात यादीतनं नेमका माऊस निवडता येतो. डेस्कटॉपचा दोष असेल तर एक्सवर (डेस्कटॉपच्या खिडक्या दाखवणारी सिस्टिम) 'एक्सइनपुट लिस्ट' मधे माऊस दिसतो का बघा. कमीत कमी पॅकेज टाकून केलेल्या डेबियनवर (हा पण लिनक्सचा एक प्रकार) लिबइनपुटचा, म्हणजे माऊसची हालचाल डेस्कटॉपला पोचवणारा, एक्सवाला ड्रायव्हरच नसतो, तो टाकून लॉगआउट-लॉगिन केलं की झालं. आणि आर्चवाल्यांसाठी (आणखी एक लिनक्सचा प्रकार) खास, कर्नल अपडेट करून रीस्टार्ट न करता माऊस लावला तर चालेलच असं नाही, कारण चालू कर्नलचे मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइली, डिस्कवरनं गेलेले असतात. रीस्टार्ट करा, एवढंच.

आता मुख्य गोष्ट. लॉग बोलतो तो प्रकार, आणि सोलापूरच्या वर्कशॉपमधे मला हाच सगळ्यात जास्त सापडतो.

पूर्व भागात शाळेचे गणवेश शिवणारं एक वर्कशॉप आहे, जून जवळ आला की तिथं रात्री उशिरापर्यंत मशिनी चालू असतात. बिलिंगचा पीसी त्याच हॉलमधे, प्रेसच्या टेबलाशेजारी. मालक म्हणाले, "दिवसभर मरतो, रात्री सगळे गेल्यावर चालतो बघा." या एका वाक्यात मला उत्तराची दिशा मिळाली. लॉग उघडून ठेवला आणि नुसतं ऐकत बसलो. प्रेसचा थर्मोस्टॅट टक् वाजला की खाली ओळ, "डिसेबल्ड बाय हब", पुढं कंसात ईएमआय (हप्ता नव्हे, विजेचा गोंगाट) आणि प्रश्नचिन्ह, मग "री-एनेबलिंग". लगेच डिस्कनेक्ट, लगेच नवीन डिव्हाइस नंबर. बहुतेक वेळा माऊस परत यायचा, पण अधूनमधून नवीन ओळखच पूर्ण व्हायची नाही आणि वायर काढून घालावी लागायची.

ही ओळ नीट समजून घ्या. माऊस जागेवर लागलेला आहे, कुणी काढलेला नाही, तरी पोर्ट आपोआप बंद झाला, तेव्हाच कर्नल असं लिहितं आणि कारण म्हणून विजेच्या गोंगाटाचा अंदाज देतं. प्रश्नचिन्ह त्यासाठीच. प्रेसची कॉइल, ओव्हरलॉकची मोटर, सर्व्हो मोटरचा कंट्रोलर, शेजारचा यंत्रमाग, हे चालू-बंद होताना लाइनमधे झटके सोडतात. अर्थिंग चांगलं असेल तर ते झटके जमिनीत जातात, नसेल तर पीसीच्या कॅबिनेटवर आणि यूएसबीच्या वायरीवर फिरतात. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होत असेल तर अर्थिंगची शंका पक्की धरा. हे नुसतं माऊसपुरतं नाही, त्या हॉलमधे माणसं काम करतात, म्हणून वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या, मालक खर्चाला नको म्हणाले तरी आग्रह धरा. सोलापूरच्या उन्हाळ्यात जमीन कोरडी ठाक होते, जुना अर्थिंगचा खड्डा वाळला की त्याचा उपयोग कमी होतो, त्यात पाणी घालत राहायला पाहिजे हे बऱ्याच ठिकाणी कुणाच्या लक्षातच नसतं.

अर्थिंग होईपर्यंत काय? पीसी आणि प्रेस एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर आधी वेगळे करा, पीसीला शक्यतो वेगळ्या लाइनवरचा पॉइंट द्या. माऊस पुढच्या पोर्टमधनं काढून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात लावा, पुढच्या पोर्टाला कॅबिनेटच्या आतनं जाणारी वायर असते आणि स्वस्त कॅबिनेटमधे तिला शील्ड नावालाच असतं. मीटर-मीटरच्या यूएसबी एक्स्टेन्शन वायरी काढून टाका. माऊसची वायर मोटरच्या वायरीसोबत बांधलेली असेल तर सोडवा. फेराइट कोअर, म्हणजे काही वायरींवर तो काळा गोळा असतो ना, तो क्लिपसारखा वेगळा मिळतो, पीसीच्या टोकाला वायरीचा एक वेढा देऊन लावा. त्या वर्कशॉपमधे लाइन वेगळी करून, मागचा पोर्ट देऊनच ओळी जवळजवळ थांबल्या, अर्थिंगचं काम झाल्यावर पूर्ण थांबल्या. माऊस जुनाच आहे.

बाकीच्या ओळी पटकन सांगतो. "डिस्क्रिप्टर रीड" आणि पुढं उणे ७१ म्हणजे बोलणं तुटक येतंय, वायर, प्लग किंवा हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा). उणे ११० म्हणजे विचारलं पण वेळेत उत्तर नाही, यात बऱ्याचदा करंट कमी पडत असतो. एकाच बिनपॉवरच्या हबवर बारकोड स्कॅनर, वेबकॅम आणि माऊस असेल तर हे होणारच, पीसीचा यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि असा हब त्यातनं प्रत्येक पोर्टाला १०० च देऊ शकतो. स्कॅनर अडॅप्टरवाल्या हबवर घाला, माऊस थेट पीसीला. "ओव्हर-करंट" आलं तर मशीन बंद करून पोर्टात टॉर्च मारून बघा, टॉवेलच्या कारखान्यात पोर्टात सुताचे तंतू गच्च भरतात आणि त्यातच एखादी टाचणी नाहीतर स्टेपलरची पिन अडकलेली असते. लाकडी काडीनं काढा, धातूनं नको.

"होस्ट कंट्रोलर नॉट रिस्पॉन्डिंग, अझ्यूम डेड" अशी ओळ आली तर एकटा माऊस गेला नाही, त्या कंट्रोलरवरचं सगळंच गेलं, यूएसबी कीबोर्डसकट. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड किंवा दुसऱ्या मशीनवरनं एसएसएच (नेटवर्कवरनं लॉगिन) असेल तर एक्सएचसीआय, म्हणजे यूएसबी कंट्रोलरच्या, ड्रायव्हरमधनं कंट्रोलर अनबाइंड करून परत बाइंड करता येतो, तो पत्ता 'एलएसपीसीआय' मधे दिसतो. नसेल तर रीस्टार्टच. तसंच कोणी 'मॉडप्रोब -आर यूएसबीएचआयडी' (माऊसचा ड्रायव्हर काढून टाकायची कमांड) सांगितलं तर थांबा, तुमचा कीबोर्ड पण यूएसबीचाच असेल तर एंटर मारल्याबरोबर तोही जाईल आणि दुसरी कमांड टाइप करायला काही उरणार नाही. काढायची आणि परत घालायची, दोन्ही कमांड अर्धविराम देऊन एकाच ओळीत लिहा, मग एंटर.

वायरलेस माऊसचा डोंगल यूएसबी ३ च्या हार्डडिस्कशेजारी लावला की अडखळतो, यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच पडतो आणि डोंगल तिथंच बोलतो. डोंगल लांबच्या यूएसबी २ पोर्टात लावा. इथं मात्र छोटी एक्स्टेन्शन वायर उपयोगी पडते, वरच्या सल्ल्याच्या अगदी उलट.

एक प्रकार सर्व्हरवाल्यांसाठी. मशीनवर डेस्कटॉप नाही, नुसती काळी स्क्रीन, आणि लॉगमधे साधारण दर मिनिटाला माऊस डिस्कनेक्ट, परत कनेक्ट, लॉग भरून वाहतोय. हा ना विजेचा दोष ना वायरीचा. काही माऊस असे बनवलेत की कुणी त्यांच्याकडनं डेटा मागितलाच नाही तर ते स्वतःच रीसेट होतात, आणि डेस्कटॉप नसल्यामुळं मागणारं कोणी नसतं. कर्नलमधे यासाठी ऑलवेज-पोल नावाचा क्वर्क (विचित्र वागणाऱ्या डिव्हाइससाठीची खास सोय) आहे, बऱ्याच माऊसचे आकडे त्यात आधीच घातलेत. तुमचा नसेल तर बूट ओळीत यूएसबीएचआयडी डॉट क्वर्क्स बरोबर, मग व्हेंडर, कोलन, प्रॉडक्ट, कोलन, आणि शेवटी शून्य-एक्स-४००. व्हेंडर-प्रॉडक्टच्या आधी पण शून्य-एक्स लावायचं.

फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच दुसरी सिस्टिम) वापरणारे थोडे आहेत, पण आहेत. तिथं 'यूएसबीकॉन्फिग' मधे माऊस दिसतो का बघा, मग लॉगमधे माऊसची ओळ (यूएमएस० सारखी) आली का बघा, आणि काळ्या स्क्रीनवर चालतो पण एक्समधे नाही असं असेल तर माऊसडी (तिथला माऊस सांभाळणारा प्रोग्राम) आणि एक्स दोघं त्याच डिव्हाइसवर हक्क सांगतायत का ते तपासा.

एवढं करूनही सुटलं नाही तर मला विचारा, पण "माऊस चालंना" एवढंच पाठवू नका. माऊस थांबला त्या वेळच्या आधीच्या आणि नंतरच्या लॉगच्या ओळी पाठवा, 'एलएसयूएसबी -टी' चा पूर्ण आउटपुट, 'युनेम -आर' चा आकडा (कर्नलची आवृत्ती), आणि त्या वेळी आसपास काय चालू-बंद झालं ते, प्रेस, पंप, कूलर, जनरेटर काहीही. माऊसवरचं नाव पुसलेलं असलं तरी चालेल, व्हेंडर आणि प्रॉडक्टचे आकडे मात्र नक्की द्या.